कान तेवढा खरा

त्या गुरुवारी माझ्या डोक्याला तेल होतं, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल.

लग्नसराई जोरात होती. पलूसच्या बसस्टँडमागे माझ्या भाऊसो मामाचा फोटो स्टुडिओ आहे. मामा कॅमेरा गळ्यात अडकवून रोज कुणाच्या तरी लग्नाला, आणि दुकानात मी एकटी. अंगात भावाचा जुना स्वेटर, तेलानं चापट बसलेले केस, बोटांना प्रिंटरची शाई. या अवतारात मला बघायला येणार होतं कोण? बघायला यायचे होते ते रविवारी, आणि रविवारची माझी तयारी वेगळी असते.

साडेदहाच्या सुमाराला दारात एक जण येऊन उभा राहिला. उंच, उन्हानं रापलेला, आणि पायात गमबूट. पाऊस नाही, पाणी नाही, आणि हा पठ्ठ्या गमबूट घालून स्टुडिओत!

"फोटो मोठा करून मिळंल का?" त्यानं बाहेरूनच विचारलं.

"मिळंल की. पण ते बूट तिथंच काढा."

तो ओशाळला. बूट काढून, मोज्यांवरच आत आला. "माफ करा हं. गोठ्यातनं थेट आलोय. जनावरांच्या दवाखान्यात आहे मी, नवीन बदली झालीय. एक म्हैस अडली होती."

"सुटली का?"

"रेडी झाली," तो म्हणाला आणि असा काही हसला की जणू ती त्याचीच भाची. मला ते हसू आवडलं. उगीच खोटं कशाला बोलू?

मी त्याला दुकानाचा नंबर दाखवला. तो मोबाईलवर बोट फिरवायला लागला. टिंग वाजलं, मी फोटो कॉम्प्युटरवर उघडला, आणि…

माझाच फोटो!

"आई गं!"

"काय झालं?"

"काय न्हाई… मुंगी चावली."

पिवळी साडी, हातावर हात, मान जराशी तिरकी. हाच फोटो मी याच खुर्चीत बसून, याच कॉम्प्युटरवर दोन दिवस खपून केला होता. रंग तीन घरं उजळ. नाक सरळ. गालावरचा तीळ गायब. आणि पुढच्या दोन दातांमधली फट, जिच्यातून बाजरीचा दाणा आरपार जाईल, ती अशी बुजवली होती की गवंड्यानं मला कामावर ठेवलं असतं.

मी हळूच त्याच्याकडे बघितलं. तो फोटोकडे बघत होता. मग माझ्याकडे बघितलं. परत फोटोकडे. आता म्हणणार, आता म्हणणार…

"किती वेळ लागंल?" तो म्हणाला.

ओळखलंच नाही! हातभर अंतरावर बसलेय मी, आणि यानं मला ओळखलं नाही! हायसं वाटलं की राग आला, मला आजही सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही.

"अर्धा तास," मी म्हणाले. "कोण हो ही?"

"रविवारी बघायला जायचंय, कुंडलला. आईच्या डोळ्याचं आत्ताच ऑपरेशन झालंय, मोतीबिंदूचं. ती म्हणती, मोबाईलमधली पोरगी चिमणीएवढी दिसती, मोठी करून आण. मी मूळचा माण तालुक्यातला. उद्या गावचा एक जण निघालाय, त्याच्या हाती फोटो पाठवतो."

म्हणजे रविवारी मला बघायला येणारा मल्हार तो हाच. त्याच्या स्थळाच्या कागदावर 'शासकीय नोकरी, उंची पाच फूट दहा' एवढंच होतं. माझ्या कागदावर आईनं 'कॉम्प्युटरचं काम' असं मोघम लिहवून घेतलं होतं, स्टुडिओ म्हटलं की लोक नाक मुरडतात म्हणून. त्यामुळं बिचाऱ्याला काही पत्ता नव्हता.

"तुमचं नाव काय?" त्यानं विचारलं.

"शिव… शिवांजली." भिंतीवर एका नवरीचा फोटो होता, तिचंच नाव उचललं.

"बरं, शिवांजलीबाई, एक विचारू का? राग नका धरू. या फोटोत कायतरी गडबड हाय."

माझ्या हातातला माऊस थांबला. "कसली?"

तो वाकला, स्क्रीनजवळ आला. अंगाला डेटॉलचा आणि ओल्या गवताचा वास. "हा गाल बघा, आणि हा कान बघा. गाल दुधासारखा आणि कान… नेहमीच्या माणसासारखा. पाळीला बारीक खाच बी हाय. बाकीचं मला काय कळत न्हाई, पण कान तेवढा खरा वाटतोय."

खरंच की! गाल केला, गळा केला, हात केले, आणि कान विसरले. मी पाच वर्षांची असताना एका कोकरानं माझं डूल तोंडात धरून ओढलं होतं, तेव्हा पाळी फाटली. ती खाच तशीच, माझ्या रंगाची, फोटोत बसली होती.

"कान कशाला बघायचा माणसानं?" मी चिडूनच विचारलं.

"सवय हो. आमची तीनशे मेंढरं हायत घरी. कान नि तोंड बघून एकेक ओळखतो मी. एकासारखं दुसरं न्हाई."

"आणि बायकांचं?"

"बायकांच्या एवढं जवळ जाऊन कोण बघू देतंय?" तो पटकन म्हणाला, आणि मग स्वतःच लाजला. मी हसले. हसताना हात तोंडावर गेला, नेहमीसारखा. मग प्रिंट कापायला उठले, पुढे आलेले केस मागे सारले, आणि माझाच गोऱ्याघाऱ्या बाहुलीसारखा फोटो पाकिटात घालून त्याच्या हातात दिला.

तो गेला तरी डेटॉलचा वास बराच वेळ दुकानात होता.

आता हसताना हात तोंडावर का जातो, ते सांगते.

आम्ही धनगर. आटपाडीकडचे. माझे आप्पा, जोतीराम, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात दाणे घ्यायचे, असं करता करता आम्ही कुंडललाच घर केलं. लहानपणी मी आप्पांमागं रानोमाळ हिंडायची. दातांतल्या त्या फटीतून मला अशी शीळ यायची की पलीकडच्या बांधावरची मेंढरं माघारी वळायची. आप्पा म्हणायचे, "माझ्या पलीसारखी शीळ आख्ख्या कळपवाल्यांत कुणाची न्हाई."

तेराव्या वर्षी एका चुलतीनं ऐकलं. "पोरीच्या जातीनं शीळ घालत्यात व्हय? आणि ती खिंड जरा झाकून ठेव, लगीन व्हायचं न्हाई." झालं. शीळ बंद, हात तोंडावर.

पुढं लग्नाचं वय झालं. माझा साधा फोटो अकरा ठिकाणी गेला. एकही माणूस फिरकलं नाही. मग मीच हा फोटो तयार केला. तीन ठिकाणची माणसं आली. तिघांनीही चहा पिऊन, पोहे खाऊन नकार कळवला. तिसऱ्या मुलाची आई तर चप्पल घालता घालता माझ्या आईला म्हणाली, "फोटो बघून आलो, पोरगी बघून चाललो."

आईनं त्यानंतर आठ दिवस कुणाच्या नजरेला नजर दिली नाही. आणि आता रविवारी चौथं स्थळ. चौथा नकार आला तर आईचं काय होईल, हीच मला धास्ती होती. गुरुवारी संध्याकाळपासून त्या धास्तीत आणखी एक भर पडली. हा नकार त्या गमबूटवाल्याच्या तोंडून यायला नको होता.

शुक्रवारी तो परत आला. गमबूट बाहेर काढून, न सांगता.

"पासपोर्ट फोटो पाहिजेत. ऑफिसात लागत्यात," तो म्हणाला.

"बसा स्टुलावर. हनुवटी खाली. आणखी. आता जरा हसा की… म्हैस व्यायली असं समजा."

तो खळखळून हसला आणि मी तेवढ्यात क्लिक केलं.

"रंग जरा उजळ करू का?" मी सवयीनं विचारलं.

"नको. आई ओळखायची न्हाई आणि जेवायला वाढायची न्हाई."

"तो भुवईवरचा व्रण?"

"एडक्यानं दिलेली भेट हाय. राहू दे." मग थांबून म्हणाला, "तुमी सगळ्यांचंच उजळ करता व्हय?"

"सगळ्यांचं. पलूस तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्या माझ्या हाताखालनं गेल्यात."

हे मी मोठ्या तोऱ्यात बोलले खरं. पण खरं सांगू? किती देखण्या पोरी येतात! एकीच्या गालावर वांगाची बारीक नक्षी, एकीचे केस असे कुरळे की कंगवा शरण यावा, एक काळीभोर, तुकतुकीत, हसली की दुकानात लाईट लागल्यासारखं व्हायचं. त्यांच्या आया म्हणतात, "जरा उजळ करा." मग मी ब्रश फिरवते, आणि दहाच्या दहा एकसारख्या होऊन बाहेर पडतात.

इतक्यात विजयमाला काकी आल्या. कुंडलच्याच बागायतदारीण, साठीच्या. त्यांच्या आईचं वर्षश्राद्ध होतं, म्हणून एक जुना फोटो मोठा करायला दिला होता. म्हातारीचा तेवढा एकच फोटो. मी तो फ्रेम करून तयार ठेवला होता. छान झाला होता. सुरकुत्या कमी, चेहरा नितळ.

काकींनी फ्रेम हातात घेतली. बराच वेळ बघितलं.

"ही कोण गं?"

"तुमच्या आई की, काकी."

"माझ्या आईच्या कपाळाला गोंदाण हुतं. हनवटीवर तीन ठिपकं हुतं. कुठं गेलं?"

जुना फोटो, डाग वाटले, असं म्हणता आलं असतं. पण ते खरं नव्हतं. गोंदण आहे हे मला कळलं होतं. तरी हातानं पुसून टाकलं. इतक्या जणींचे तीळ पुसले, वांग पुसले, की हाताला विचारायचं कामच उरलं नव्हतं.

काकी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ल्हान असताना मी त्या तीन ठिपक्यांवर बोट ठिवून झोपायची. ही बाई देखणी हाय, पोरी. कुणाची तरी आई आसंल. माझी न्हवं."

मला रडूच कोसळणार होतं. तो तिथंच, स्टुलाजवळ उभा होता. खुर्ची ओढून त्यानं काकींना बसवलं आणि पाण्याचा तांब्या दिला.

मी मूळ फोटो परत उघडला. माझं सगळं काम पुसून टाकलं. फक्त चिरा आणि बुरशी तेवढी काढली आणि म्हातारीला जशीच्या तशी मोठी केली. कपाळावर गोंदलेली ती हिरवट तुळस आली. सुरकुत्या आल्या. हनुवटीवरचे तीन ठिपके आले. आणि काय बाई होती ती! उन्हातान्हात राबलेली, ताठ, डोळ्यांत जरब. मी तिला पहिल्यांदाच नीट बघत होते.

काकी उठून स्क्रीनपाशी आल्या. ठिपक्यांवर बोट ठेवलं. "आली," त्या म्हणाल्या. "आली बघ माझी आई."

त्या गेल्यावर मी डोळे पुसत बसले. तो दाराशी गेला होता, परत वळला.

"त्या रविवारच्या पोरीचं बी असंच कुणीतरी पुसलंय," तो म्हणाला. "वाईट वाटतं."

"कुणाचं वाईट वाटतं?"

"तिचं. तिला कुणीतरी सांगितलं असणार, तू हाय तशी चालणार न्हाईस म्हणून. त्याशिवाय कुणी स्वतःला असं पुसून घेतं का?"

ते पुसणारी मीच हो… हे ओठांपर्यंत आलं होतं. पण ओठ मिटलेले ठेवायची मला तेरा वर्षांची सवय.

शनिवारी मी वाट बघितली. हो, बघितली! दुपारी दोन वेळा दारात जाऊन आले. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि सगळा रस्ता गोड धुरकट वासानं भरला होता. चार वाजता तो आला. फोटो घेतले, पण निघेना.

"उद्या जाऊ का नको, या विचारात हाय," तो म्हणाला.

"जावा की. एवढी गोरीपान पोरगी."

"तीच तर पंचाईत. कान सोडला तर मला तिच्याबद्दल काय म्हायतीच न्हाई."

"मग नका जाऊ," मी म्हणाले. आणि हे म्हणताना मला माझ्याच फोटोचा इतका मत्सर वाटला की काय सांगू! असं दुसऱ्या कुणाचं झालं असेल असं मला वाटत नाही.

"न्हाई, जातो. आई लय आशेनं येतीय." मग जरा घुटमळला. "शिवांजलीबाई, हसताना तुमी हात का आडवा धरता?"

"सवय."

"आवाजावरनं वाटतंय, चांगलं हसताय. अजून बघायला मिळालं न्हाई."

आणि गेला. मेला नुसता बोलून गेला, आणि मी बसले तिथं बोटांची शाई खरवडत.

पण घरी जाताना, स्कूटीवर, मी मनाशी ठरवून टाकलं. उद्या पार्लरवाली नको. पावडर नको. माझ्या तोंडावर माझंच तोंड राहील. नकार यायचा असेल तर तो मला येऊ दे. त्या फोटोतल्या बाईसाठी मी आणखी एक नकार पचवणार नव्हते.

आईनं आकाशपाताळ एक केलं. "तुझं डोकं फिरलंय का, पले? चौथ्यांदा माझी मान खाली घालणार हायस का?"

"आई, तीन वेळा आपण मेकअप करून मान खाली घातली. एकदा धुतलेल्या तोंडानं घालून बघू."

"आवं, तुमी तरी सांगा हिला!" आई आप्पांना म्हणाली.

आप्पा घोंगडं झटकत होते. ते सहसा बोलत नाहीत. "मंगल," ते आईला म्हणाले, "पोरीनं बारा-तेरा वर्सं आपलं ऐकलं. एक दिस आपून तिचं ऐकू."

रविवारी अकराला पाहुणे आले. मल्हार, त्याची आई सुलाबाई आणि एक मामा. मी आतून बघितलं. पठ्ठ्या पांढरा शर्ट घालून, चकचकीत बूट घालून आला होता. मी आंब्याच्या पानासारखी हिरवी सुती साडी नेसले होते. केस मागे घट्ट बांधले, दोन्ही कान उघडे. हातात चहाचा ट्रे घेतला. मी देवाचं नाव घेतलं आणि बाहेर गेले.

सुलाबाईंनी काळा चष्मा काढला, नवा पांढरा घातला. कपाळावर त्यांच्याही गोंदण होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पिशवीतून तो आठ बाय दहाचा फोटो काढला, त्याच्याकडे बघितलं.

"ही ती न्हवं," त्या म्हणाल्या.

आईची मान हळूहळू खाली जायला लागली. ते मला बघवलं नाही.

"ती मीच हाय," मी म्हणाले. "फोटो मीच केलाय तसा. पलूसच्या स्टुडिओत हेच काम करते मी. साध्या फोटोला अकरा ठिकाणांहून कुणी आलं न्हाई म्हणून केला. चुकलं माझं. पण आता जी समोर उभी हाय ती खरी हाय. रंग हाच, तीळ हा, आणि दातात फट बी हाय. काय विचारायचं ते हिला विचारा."

मल्हारकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. त्याचाच आवाज आला, अगदी शांत. "आई, कान बघ."

"कान?"

"पाळीची खाच. फोटोतली नि ही, एकच हाय."

सुलाबाई फोटोवर वाकल्या, मग मला म्हणाल्या, "जवळ यी, पोरी. डोळं नवीन हायत माझं, बघू दे नीट." मी गुडघ्यावर बसले. त्यांचे खरबरीत हात माझ्या गालांवरून फिरले, तिळावरून, कानावरून. आणि त्या एकदम हसायला लागल्या.

"आगं बया! ह्या फोटोपायी मला दोन दिस झोप न्हाई. म्हटलं, एवढी गोरी पोरगी, आमच्या माणाच्या उन्हात चार दिसांत करपून जायची. आता कुठं जिवात जीव आला! केवढं ग्वाड तोंड हाय… आणि हे का पुसलंस गं, येडे?"

आईनं पदर डोळ्यांना लावला. पण मान वर होती.

"पोरांना जरा बोलू द्या," आप्पा म्हणाले, आणि आम्हाला घरामागच्या रानात पिटाळलं. ऊस तुटून गेलेलं मोकळं रान. आप्पांची मेंढरं पाला खात पांगली होती.

"कवा ओळखलं?" मी बांधाशी पोचताच विचारलं.

"गुरुवारी. प्रिंट कापताना तुमी केस कानामागं घेतले तवा."

"गुरुवारी! आणि तीन दिवस मला शिवांजलीबाई, शिवांजलीबाई म्हणत होतात?"

"नाव तुमीच सांगितलं. मी कशाला खोटं पाडू?"

"मग बोलला का न्हाई?"

तो गंभीर झाला. "तुमी लपवत होता. लपलेल्या माणसाला ओढून बाहेर काढू नये. म्हटलं, यायचं तर स्वतःच येतील."

"आणि आले नसते तर? तोंडाला रंग फासून बसले असते तर?"

"तर फोटोतलीला नकार कळवला असता," तो म्हणाला, "आणि सोमवारी सकाळी स्टुडिओच्या दारात गमबूट काढून उभा राहिलो असतो. शिवांजलीबाईंचा हात मागायला."

माझे कान तापले. दोन्ही. आणि दोन्ही उघडे!

"चारशे-पाचशे चेहरे रोज बघतो मी," तो बुटाच्या टोकाकडे बघत म्हणाला, "जनावरांचे धरून. पण तुमचा… गुरुवारपासून दुसरा डोळ्यापुढं आलेलाच न्हाई. रंग, तीळ, ती शाईची बोटं… मला सगळं हाय तसंच आवडलंय. आता आईनं होय म्हटलंय. मी तर गुरुवारीच म्हटलंय. तुमी काय म्हणताय, ते मात्र कुणीच विचारलं न्हाई. मी विचारतोय. मी पसंत हाय का?"

मी तोंड उघडलं… आणि तेवढ्यात बघितलं. मेंढरं! चांगली पन्नास-साठ मेंढरं बांध ओलांडून शेजाऱ्याच्या घाट्यांनी भरलेल्या हरभऱ्यात शिरत होती. आप्पा आत पाहुण्यांत, कुत्रं कुठं दिसेना.

"अरे अरे अरे!" मल्हार चकचकीत बुटांनिशी पळत सुटला, ढेकळात पाय मुरगळून खाली बसला, परत उठला. त्यानं काय ती वळणार होती?

मी जीभ दातांमागं लावली. नुसती हवा गेली. फुस्स. तेरा वर्षं झाली होती. परत लावली, डोळे मिटले, पोटातून श्वास घेतला…

आणि शीळ आली! लांब, धारदार, आख्ख्या रानावरून गेली. पुढचं मेंढरू थबकलं. मग दुसरं. मग सगळा कळप मान वर करून माझ्याकडे वळला आणि हरभरा सोडून माघारी फिरला. मल्हार मध्येच, गुडघ्याला माती लागलेला, तसाच उभा. त्याच्या दोन्ही बाजूंनी मेंढरं माझ्याकडे येत होती.

घराच्या मागच्या दारात आप्पा धावत आले होते. त्यांनी मेंढरांकडे बघितलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते, आणि मुंडाशाच्या शेवानं डोळे पुसत होते. त्यांच्यामागं आई होती, सुलाबाई होत्या.

मल्हार मेंढरांतून वाट काढत माझ्यापर्यंत आला. धापा टाकत होता. "मी विचारलेलं… त्याचं उत्तर?"

"ती वळली न्हवं?" मी म्हणाले. "तुमी बी वळा. आत जाऊन सांगा सगळ्यांना."

"काय सांगू?"

"होय म्हणाली म्हणून."

तो बघतच राहिला. पांढऱ्या शर्टाला माती, केसात पाचट, आणि तोंड उघडं. मला इतकं हसू आलं की आवरेना. हसता हसता हात वर गेला, सवयीनं, हनुवटीपर्यंत… आणि तिथंच थांबला. मी तो खाली घेतला. तोंडभर हसले, फटीसकट, आईसमोर, पाहुण्यांसमोर, सगळ्या मेंढरांसमोर.

त्यानं खिशातून मोबाईल काढला. "एक फोटो काढू?"

"काढा," मी म्हणाले. "पण मला पाठवू नका. मामाला पाठवा, म्हणावं मोठा करा आणि दुकानाच्या दारात लावा. आणि सांगा, कशालाही हात लावायचा न्हाई."